डुकाकिसची उतरंड: 'द कॅम्पेन ट्रेल'मध्ये १९८८ चा बुश कसा हरवायचा

'द कॅम्पेन ट्रेल' हा ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणारा अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांचा खेळ आहे. त्यातली काही वर्षं जेमतेम डोकं लावलं तरी निघतात. १९८८ डेमोक्रॅटिक बाजूनं खेळायला घेतलं की मात्र घाम फुटतो. समोर रिपब्लिकन पक्षाचा जॉर्ज बुश, आठ वर्षं अध्यक्ष रेगनचा उपाध्यक्ष, पाठीशी सत्ता आणि बरी चाललेली अर्थव्यवस्था. आपल्याकडे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर मायकेल डुकाकिस. इतिहासात बुशनं ४० राज्यं घेतली. इलेक्टोरल मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची ठरावीक मतं, अध्यक्ष ठरतो तो यांवरच) ४२६ विरुद्ध १११. देशभरातली टक्केवारी साधारण ५३.४ विरुद्ध ४५.६.

आकडे बघून हा डाव हातचा गेलाय असं वाटतं. बेरीज मांडली की तसं राहत नाही. लागणारं सामान म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि एकच डाव पाच-पाच वेळा खेळायची चिकाटी.

खेळ थोडक्यात

वर्ष, उमेदवार, उपाध्यक्षपदाचा जोडीदार आणि काठिण्यपातळी निवडायची. मग २५ प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरांचे पर्याय, त्यातलं एक निवडायचं. मधूनमधून नकाशा उघडतो आणि कोणत्या राज्यात दौरा काढायचा ते विचारतो. शेवटी मतमोजणीची रात्र. एकूण ५३८ इलेक्टोरल मतं, जिंकायला २७०. ज्या राज्यात एका मतानं जरी पुढं असाल, तिथली सगळी इलेक्टोरल मतं तुमची.

मराठवाड्यातल्या माणसाला हे शेवटचं वाक्य वेगळं समजावून सांगायची गरज नाही. २०१९ ला लातूर ग्रामीण विधानसभेत विजयी उमेदवाराचं मताधिक्य १ लाख २१ हजारांच्या वर गेलं आणि दुसऱ्या क्रमांकावर चक्क 'नोटा' राहिला. २०२४ ला बीड लोकसभेचा निकाल ६,५५३ मतांनी लागला, आणि त्याच वर्षीच्या नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीत फरक होता १,४५७ चा. तिन्हीकडं पदरात पडली ती एकेकच जागा. लातूरचं जास्तीचं लीड उचलून बीडला नेता येत नाही. खेळातही न्यूयॉर्कमध्ये दहा टक्क्यांनी जिंका नाहीतर अर्ध्या टक्क्यानं, मिळणार ३६ च. ही गोष्ट माहीत सगळ्यांनाच असते. तरी खेळताना हात सवयीनं देशभरच्या टक्केवारीकडंच जातो.

आधी आजचा नकाशा डोक्यातून काढा

नवख्या खेळाडूची पहिली चूक इथंच होते. बातम्यांमध्ये बघितलेला लाल-निळा नकाशा (लाल रिपब्लिकन, निळा डेमोक्रॅटिक) तो १९८८ ला लावतो. कॅलिफोर्निया आपलीच आहे म्हणून तिकडं बघत नाही, आणि आयोवा, वेस्ट व्हर्जिनिया गेलेली समजून सोडून देतो. १९८८ मध्ये उलटं होतं. कॅलिफोर्निया बुशकडं गेली होती, आणि रिपब्लिकन उमेदवाराला ती मिळाल्याची आजवरची शेवटची वेळ तीच. इलिनॉय, मेरीलँड, व्हरमाँट, कनेक्टिकट, न्यू जर्सी हीसुद्धा बुशची. डुकाकिसनं मात्र वेस्ट व्हर्जिनिया घेतली आणि आयोवा तर दहा टक्क्यांनी घेतली.

आयोवाचं कोडं आपल्याकडच्या वाचकाला लवकर सुटेल. १९८० च्या दशकात तिथल्या शेतीवर मोठं संकट होतं: कर्ज फिरेना, जमिनीच्या किमती कोसळल्या, बँका बुडाल्या. त्यावर १९८८ चा उन्हाळा दुष्काळाचा गेला. मका आणि सोयाबीन पिकवणारा हा पट्टा सरकार पक्षावर रुसला होता. लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव पडला की गावात कोणत्या भाषेत बोललं जातं हे ज्याला माहीत आहे, त्यानं आयोवा, मिसुरी आणि साऊथ डकोटा त्याच कानानं ऐकावीत.

इलेक्टोरल मतांचे आकडेही तेव्हाचेच धरायचे. ते दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर बदलतात. तेव्हा कॅलिफोर्निया ४७, न्यूयॉर्क ३६, टेक्सास २९, पेनसिल्व्हेनिया २५, इलिनॉय २४, ओहायो २३ आणि मिशिगन २० होती.

उतरंड मांडणे

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची: मोठं खाली, लहान वर, खालचं हललं की वरची सगळी जमिनीवर. आपल्याला राज्यांची तशीच उतरंड रचायची आहे. पाया म्हणजे डुकाकिसनं प्रत्यक्षात जिंकलेलं. त्यावर जी राज्यं तो कमी फरकानं हरला ती आधी, जास्त फरकानं हरला ती नंतर. बेरीज २७० ओलांडेल तिथं थांबायचं.

पाया असा: न्यूयॉर्क ३६, मॅसॅच्युसेट्स १३, विस्कॉन्सिन ११, मिनेसोटा १०, वॉशिंग्टन राज्य १०, आयोवा ८, ओरेगन ७, वेस्ट व्हर्जिनिया ६, ऱ्होड आयलंड ४, हवाई ४ आणि राजधानी वॉशिंग्टन डी.सी. ३. बेरीज ११२. (इतिहासात १११ लिहिलेलं दिसतं, कारण राज्याच्या वतीनं प्रत्यक्ष इलेक्टोरल मत टाकणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियातल्या एका निर्वाचकानं अध्यक्षपदाचं मत डुकाकिसऐवजी त्याच्या जोडीदाराला, लॉइड बेंट्सनला, दिलं.) म्हणजे अजून १५८ हवीत.

आता वरची मडकी. कंसात बुशचं टक्केवारीतलं मताधिक्य, नंतर इलेक्टोरल मतं, नंतर चढती बेरीज:

इलिनॉय (२.१): २४, बेरीज १३६
पेनसिल्व्हेनिया (२.३): २५, बेरीज १६१
मेरीलँड (२.९): १०, बेरीज १७१
व्हरमाँट (३.५): ३, बेरीज १७४
कॅलिफोर्निया (३.६): ४७, बेरीज २२१
मिसुरी (४.०): ११, बेरीज २३२
न्यू मेक्सिको (५.०): ५, बेरीज २३७
कनेक्टिकट (५.१): ८, बेरीज २४५
मोंटाना (५.९): ४, बेरीज २४९
साऊथ डकोटा (६.३): ३, बेरीज २५२
कोलोरॅडो (७.८): ८, बेरीज २६०
मिशिगन (७.९): २०, बेरीज २८०

हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. सगळा डाव यावरच खेळायचा आहे. तो वाचताना तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे ४२६-१११ हा आकडा भीती घालतो, पण सगळं उलटायला शंभरातले चार मतदार पुरतात. चार जण बुशकडून डुकाकिसकडं वळले की फरक आठानं कमी होतो, आणि आठात मिशिगन येते.

दुसरी: लागणाऱ्या १५८ पैकी ११६ चार राज्यांतच आहेत. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय आणि मिशिगन. यातल्या तिघांत बुशचं लीड चार टक्क्यांच्याही खाली होतं. अडतं ते मिशिगनपाशी.

तिसरी गोष्ट उरलेल्या मोकळीकीची. २८० म्हणजे दहा मतं वर. मेरीलँड एकटी गेली तरी चालेल. किंवा मोंटाना, साऊथ डकोटा आणि व्हरमाँट तिन्ही गेली तरी बरोबर २७० उरतात. कॅलिफोर्निया गेली तर मात्र डाव संपला. तिची ४७ भरायला ओहायो आणि लुइझियाना दोन्ही आणली तरी बेरीज २६६ च होते.

ओहायो (बुश १०.९ नं पुढं), टेक्सास (१२.६), न्यू जर्सी (१३.६) आणि फ्लोरिडा (२२ च्या वर) ही राज्यं या उतरंडीत नाहीत. ती मोठी आहेत, नावाजलेली आहेत आणि नवख्याला तिकडंच जायचा मोह होतो. मोहाला बळी पडायचं नाही. ज्या दिवशी ओहायो मिळेल त्या दिवशी मिशिगन तुम्हाला कधीच मिळालेली असेल, मग ओहायो कशाला?

उत्तरांचा परिणाम कुठं होतो

प्रत्येक उत्तर तीन वाटांनी काम करतं. एक वाट देशभराची, आपल्या भाषेत 'हवा': सगळ्या राज्यांत सारखी थोडी वर किंवा खाली. दुसरी ठरावीक राज्यांची: एका उत्तरानं मिशिगन खूश होते आणि टेक्सास नाराज. तिसरी मुद्द्यावरच्या भूमिकेची. खेळात प्रत्येक मुद्द्यावर टोकापासून टोकापर्यंत सात पायऱ्या आहेत. प्रत्येक राज्य त्यातल्या कुठल्यातरी पायरीच्या आसपास असतं आणि मुद्द्याचं वजन राज्याराज्यात वेगळं असतं. तुमच्या उत्तरांची आणि जोडीदाराच्या भूमिकेची सरासरीसारखी गोळाबेरीज होऊन तुमची पायरी ठरते. राज्याच्या पायरीजवळ असाल तर मतं वाढतात.

म्हणून धरसोड महागात पडते. संरक्षणावर एकदा कडक आणि पुढच्या प्रश्नात मवाळ उत्तर दिलं तर दोन्ही बाजू खूश होत नाहीत, सरासरी मधे येऊन बसते आणि दोन प्रश्न वाया जातात. २५ पैकी एकेका मुद्द्याच्या वाट्याला मोजकेच प्रश्न येतात, तेव्हा पायरी आधी ठरवा.

कोणती पायरी, हे उतरंडीतली राज्यं सांगतात. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, मिसुरी हा कारखान्यांचा आणि कामगारांचा पट्टा. इथं परदेशी मालाशी स्पर्धा, नोकऱ्या, आरोग्यविमा हे विषय चालतात. मिशिगनमधल्या मॅकोम्ब काउंटीतला (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) मोटार कामगार मूळचा डेमोक्रॅटिक, पण १९८० आणि १९८४ ला रेगनकडं गेलेला. त्याला परत आणल्याशिवाय २७० होत नाहीत. तो पोटापाण्याच्या प्रश्नावर तुमचा आहे. गुन्हेगारी, संरक्षण आणि झेंड्याच्या प्रश्नावर बुशचा. कॅलिफोर्निया, व्हरमाँट, कनेक्टिकटमध्ये पर्यावरण चालतं. मोंटाना आणि साऊथ डकोटात बंदुकीवर निर्बंध म्हटलं की दार बंद, आणि पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातही ते फारसं रुचत नाही. यावरून एक साधारण साचा निघतो: अर्थकारणावर ठाम डावीकडं, पर्यावरणावर डावीकडं, संरक्षण आणि गुन्हेगारीवर मध्याच्या किंचित उजवीकडं, बंदुकीच्या विषयावर शक्यतो गप्प.

गर्भपातासारख्या विषयावर कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनिया एकमेकांच्या उलट ओढतात. तिथं पक्षाची नेहमीची भूमिका सौम्य शब्दांत घ्यावी आणि पुढं जावं. प्रश्न एकच असेल तर त्यावर फार वेळ घालवू नका.

हल्ले: उत्तर द्यायचं की दुर्लक्ष करायचं

जुलै १९८८ मध्ये अटलांटातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनानंतर गॅलप या संस्थेच्या मतदार चाचणीत डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढं होता. ती आघाडी कशी वितळली हे माहीत असेल तर खेळातल्या निम्म्या प्रश्नांचा रोख ओळखता येतो, कारण १९८८ च्या प्रचारातलेच वाद इथं समोर येतात.

बुशच्या गटानं, त्यात प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर आला, तीन-चार खिळे वारंवार ठोकले. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मठेपेच्या कैद्यांनाही सुट्टीवर सोडण्याची योजना होती, आणि त्यातून पळालेल्या विली हॉर्टननं केलेल्या गुन्ह्याचं प्रकरण. डुकाकिसनं १९७६ मध्ये खुनाच्या कैद्यांना या सुट्टीतून वगळणारं विधेयक नाकारलं होतं. १९७७ मध्ये त्यानं शिक्षकांना शाळेत राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणवून घेणं सक्तीचं करणारं विधेयकही नाकारलं. बोस्टन बंदराच्या घाण पाण्याची जाहिरात आली. डुकाकिस बराच काळ या कशालाच धड उत्तर देत नव्हता. 'ही निवडणूक विचारसरणीची नाही, कार्यक्षमतेची आहे' हा त्याचा अधिवेशनातला सूर होता, आणि तोच धरून तो बसला.

खेळात अशा प्रश्नाखाली साधारण चार जातीची उत्तरं भेटतात. 'दुर्लक्ष करा, आपल्या मुद्द्यावर राहा.' 'तत्त्वाचा आणि कायद्याचा खुलासा करा.' 'चूक मान्य करून योजना बदलल्याचं सांगा.' 'उलटा वार करा.' पहिलं उत्तर इतिहासात अंगाशी आलं, म्हणून ते शक्यतो टाळावं. दुसरं सुशिक्षित माणसाला पटतं आणि नेमकं म्हणूनच फसवं असतं. कलम-पोटकलम सांगून पारावरच्या चार लोकांचं मन वळत नाही, मॅकोम्बच्या कामगाराचंही नाही. तिसऱ्या-चौथ्यापैकी एक आधी तपासा. गुन्हेगारीच्या प्रश्नावर थोडक्यात, कडक भाषेत उत्तर देऊन लगेच रोजगारावर येणारं वाक्य असेल तर ते सहसा जास्त कामाचं. पण प्रत्येक हल्ल्यावर प्रतिहल्ला करत सुटलात तर सगळा डाव बुशच्या मैदानावर होतो. २५ पैकी किती प्रश्न त्याच्या विषयावर खर्च झाले ते मोजत राहा.

वादविवादाचा प्रश्न वेगळा. १३ ऑक्टोबर १९८८ च्या दुसऱ्या वादविवादात सूत्रसंचालक बर्नार्ड शॉनं विचारलं होतं की पत्नीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला तर गुन्हेगाराला फाशी व्हावी असं वाटेल का. डुकाकिसनं थंडपणे फाशीविरोधाची आकडेवारी दिली. या जातीच्या प्रश्नात भूमिका बदलायची गरज नसते. भूमिका तीच ठेवून आधी माणसासारखं बोलणारं उत्तर शोधायचं. अचानक फाशीचं समर्थन करणारा पर्याय दिसला तर सावध राहा: आधीच्या उत्तरांशी तो विसंगत ठरतो.

तसंच रणगाड्याचं. १३ सप्टेंबरला मिशिगनमधल्या स्टर्लिंग हाइट्स इथं हेल्मेट घालून रणगाड्यातून फिरणारा डुकाकिस टीव्हीवर हास्यास्पद दिसला, आणि बुशच्या गटानं त्याचीच जाहिरात केली. हे गाव मॅकोम्ब काउंटीतच येतं, आणि उतरंडीचं शेवटचं मडकं मिशिगनच! संरक्षणाबद्दल बोलायला मिळालं तर भाषण, धोरण, माजी सैनिकांची भेट असं काहीतरी घ्या. दिखाऊपणाचा पर्याय कितीही गमतीदार वाटला तरी सोडून द्या.

शेवटच्या पंधरवड्यातला डुकाकिस अभ्यासण्यासारखा आहे. 'मी तुमच्या बाजूचा' असा सामान्य माणसाचा सूर त्यानं उशिरा धरला आणि त्याचे आकडे सावरले. खेळात तो सूर पहिल्या प्रश्नापासून धरायची मुभा आहे. ती वापरा.

जोडीदार आणि दौरे

इतिहासात डुकाकिसनं टेक्सासचा सिनेटर बेंट्सन घेतला. डोक्यात १९६० होतं: मॅसॅच्युसेट्सच्या केनेडीनं टेक्सासचा जॉन्सन घेऊन टेक्सास जिंकलं होतं. १९८८ ला टेक्सास बारा टक्क्यांवर राहिलं, कारण बुशही टेक्सासचाच. बेंट्सन माणूस म्हणून वजनदार होता आणि ५ ऑक्टोबरच्या वादविवादात त्यानं बुशच्या जोडीदाराला, डॅन क्वेलला, गार केलं; पण त्याचं घरचं राज्य उतरंडीत नाही. यादीतलं प्रत्येक नाव निवडताना एकच हिशोब करा: याच्या राज्याचा किंवा भूमिकेचा फायदा इलिनॉय ते मिशिगन या बारापैकी किती मडक्यांना? मध्य-पश्चिमेतलं किंवा कामगारांना आपलं वाटेल असं नाव सहसा पुढं जातं. खात्री करायची तर बाकी २५ उत्तरं तीच ठेवून फक्त जोडीदार बदला आणि दोन्ही डावांचे राज्यवार आकडे शेजारी लिहा.

दौऱ्यांचा नियम साधा आहे. नकाशा उघडला की ज्या राज्यात फरक कमी आणि इलेक्टोरल मतं जास्त, तिथं जायचं. कॅलिफोर्निया दोन टक्क्यांनी मागं दिसते आणि फ्लोरिडा अठरानं, तर फ्लोरिडाचा विचारही नको. सुरुवातीचे दौरे मिशिगनला द्या, कारण ती सगळ्यात लांब आहे. मधले पेनसिल्व्हेनिया आणि इलिनॉयला. शेवटचे नकाशा बघून, जिथं रंग फिका असेल तिथं. रंग फिका म्हणजे लढत चुरशीची. राज्यावर बाण नेला की माहिती दिसते. नेमके आकडे मात्र मतमोजणीलाच कळतात, म्हणून एखादं राज्य हलकं निळं दिसलं की लगेच निर्धास्त होऊ नका. मॅसॅच्युसेट्स किंवा न्यूयॉर्कला दौरा देणं म्हणजे स्वतःच्याच गल्लीत कॉर्नर सभा घेणं.

वहीतला प्रयोग

खेळाच्या मतमोजणीत थोडं नशीब मिसळलेलं आहे. तीच २५ उत्तरं पुन्हा दिली तरी आकडे किंचित वेगळे येतात. त्यामुळं एका डावावरून 'हे उत्तर भारी' असं ठरवणारा फसतो. पद्धत अशी ठेवा:

१. जोडीदार आणि २५ उत्तरं ठरवून एक मूळ डाव तयार करा. प्रत्येक उत्तराचा क्रमांक लिहा.

२. तोच डाव पाच वेळा खेळा. निकालाच्या पानावर राज्यवार आकडे उघडून मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, कॅलिफोर्निया आणि मिसुरी यांचे टक्के आणि एकूण इलेक्टोरल मतं लिहा. पाचांची सरासरी काढा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरकही लिहा. तो नशिबाचा पट्टा.

३. आता एकच उत्तर बदला, बाकी चोवीस तशीच. पुन्हा किमान तीन डाव. बदल नशिबाच्या पट्ट्यापेक्षा मोठा असेल तरच तो खरा धरा.

४. बदल कुठं झाला ते बघा. सगळ्याच राज्यांत सारखा असेल तर उत्तर 'हवे'चं. फक्त मिशिगन-पेनसिल्व्हेनियात असेल तर ठरावीक राज्यांचं किंवा मुद्द्याचं. वहीत बाजूला 'ह' किंवा 'रा' लिहा.

चार पर्याय धरले तर २५ प्रश्नांची शंभर उत्तरं होतात. ती सगळी तपासायला बसलात तर आठवडा जाईल. गुन्हेगारी, संरक्षण, कर, व्यापार-रोजगार आणि वादविवाद यांवरचे आठ-दहा प्रश्न आधी घ्या, बाकीचे नंतर सवडीनं. उत्तरानंतर खेळातला सल्लागार अभिप्राय देतो; तो बंद करायची सोय आहे, पण या टप्प्यात तो चालू ठेवा. तो बऱ्याचदा कोणतं उत्तर कुठं चाललं नाही हे सांगून जातो. मात्र त्याच्या शब्दांपेक्षा वहीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवा. सल्लागार गोड बोलतो आणि मिशिगन दोन टक्क्यांनी जाते, असं होतं.

संभाजीनगर-लातूरच्या होस्टेलात चौघं मिळून खेळत असाल तर काम वाटून घ्या. एकानं खेळायचं, एकानं लिहायचं, उरलेल्यांनी वेगळ्या यंत्रावर बदललेलं उत्तर चालवायचं. दुपारभरात वीस डाव सहज होतात. फक्त आधी ठरवा की मूळ डाव सगळ्यांचा एकच असेल, नाहीतर आकड्यांची खिचडी होते आणि मग शेवटी भांडण.

हरलात तर कुठं बघायचं

एकूण आकडा २५० ते २६९ आला तर उत्तरांना हात लावू नका. दोन दौरे हलवून बघा: पडलेल्या राज्यांतलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी फरकाचं कोणतं, तिकडं. कोलोरॅडोपर्यंत सगळं आलं आणि फक्त मिशिगन राहिली, म्हणजे २६०, तर पर्यायी दहा लुइझियानात आहेत. तिथं बुश दहा टक्क्यांनी पुढं होता. गणित बरोबर २७० होतं, पण दक्षिणेला रुचणारी उत्तरं कॅलिफोर्नियाला ढकलू शकतात. ही वाट शेवटचीच.

२०० ते २५० आला आणि कॅलिफोर्निया गेली असेल तर बहुधा गुन्हेगारी आणि संरक्षणावर फार उजवीकडं सरकलात किंवा पर्यावरण विसरलात. कॅलिफोर्निया आली पण मध्य-पश्चिम गेली, तर उलटं झालंय. कॅलिफोर्निया, मिशिगन दोन्ही काठावर गेल्या तर 'हवा' कमी पडली. 'ह' लिहिलेली उत्तरं पुन्हा तपासा.

११२ च्या खाली असाल तर पायाच ढासळलाय. वॉशिंग्टन राज्य आणि विस्कॉन्सिन आपलंच म्हणून धरलं जातं, पण डुकाकिसनं ती अनुक्रमे दीड आणि साडेतीन टक्क्यांनीच घेतली होती. असं झालं की एखाद-दुसरं उत्तर बदलून भागत नाही, मुद्द्यांच्या पायऱ्या नव्यानं ठरवाव्या लागतात.

मतमोजणीच्या रात्री निकाल पूर्वेकडून येऊ लागतात. मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट आधी बघा. पेनसिल्व्हेनिया गेली तर पश्चिमेची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आकडे लिहा आणि पुढचा डाव लावा.

पातळी वाढवताना

'नॉर्मल'वर पाचपैकी चार डाव जिंकू लागलात की 'हार्ड' घ्या. काठिण्यपातळी तुमच्या ताकदीला सगळीकडं सारखाच गुणक लावते. म्हणून उतरंडीचा क्रम फारसा बदलत नाही, फक्त तिची उंची वाढते: 'नॉर्मल'वर मिशिगन दोन टक्क्यांनी येत असेल तर 'हार्ड'वर ती काठावर येईल किंवा जाईल. म्हणून आधीच्या पातळीवर मिशिगनमध्ये किती शिल्लक आहे तो आकडा महत्त्वाचा, एकूण ३०० आले की ३२० हा नाही. ओहायो, न्यू जर्सी मिळवून एकूण फुगवणारी उत्तरं इथं निरुपयोगी ठरतात; त्यांच्या जागी मिशिगन आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडं अर्धा-अर्धा टक्का देणारी उत्तरं आणा. 'इम्पॉसिबल'वर नशिबाचा पट्टाही कामाला येतो. दहात एखादा डाव निघाला तरी तो निघालाच.

राज्यातली इलेक्टोरल मतं टक्केवारीच्या प्रमाणात वाटून देणारी दुसरी पद्धतही खेळात निवडता येते. ती घेतली तर ही सगळी उतरंड गुंडाळून ठेवावी लागते. तिथं टेक्सासमध्ये ४३ वरून ४६ टक्क्यांवर जाणंही कामाचं, न्यूयॉर्कमधलं जास्तीचं लीडही कामाचं, आणि 'ह' लिहिलेली उत्तरं 'रा'पेक्षा वरचढ. दौरे मग थेट मोठ्या राज्यांना: कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास.